काठोकाठ बादल्या

बादल्या पुन्हा काठोकाठ भरून आल्या आणि बादलीवाल्यांच्या मनात पाल चुकचुकली. शेत नावापुरते होते. घर चालत होते ते मागच्या शेडमधल्या डुकरांवर, आणि डुकरे जगत होती ती नाक्यावरच्या हॉटेलातील उष्ट्यावर.

"हे बघ, पाव अख्खा. भाजीला चमचासुद्धा लागलेला नाही," ते बायकोला म्हणाले. "कोणीतरी मुद्दाम टाकतंय. विष कालवून."

"तुमच्या डुकरांवर एवढा खर्च कोण करणार?"

तरीही त्यांनी बोटभर रस्सा जिभेवर ठेवला. विष नव्हते. विषालाही काही चव असते, असे म्हणतात.

मग मात्र त्यांची झोप उडाली. आज गिऱ्हाईक अन्न टाकते आहे, उद्या हॉटेलच टाकेल. हॉटेल बंद पडले, तर डुकरांच्या पुढ्यात काय वाढायचे? डुकरे दिवसेंदिवस गुबगुबीत होत होती, आणि त्यांचे ते तृप्त, निर्व्याज चेहरे पाहून बादलीवाल्यांचा जीव तुटत होता. अखेर ते धीर करून हॉटेलच्या मालकांकडे गेले. मालकांना वाटले, याला समोरच्या हॉटेलवाल्यानेच पाठवले असणार.

"काय, डुकरांची तक्रार आहे का?"

"डुकरं खूश आहेत, मालक. तीच तर काळजी आहे."

त्या संध्याकाळी, कित्येक महिन्यांनी, मालक स्वतःच्या हॉटेलात जेवले. सकाळी आचारी बदलला होता.

हॉटेलात गर्दी वाढली आणि बादल्या हलक्या झाल्या. पुढे तर त्यांत खरकट्या पाण्याखेरीज काही येईना. उपाशी डुकरे शेडची दारे ढुशा मारून हलवू लागली. बायकोने नवऱ्याच्या शहाणपणाचा उद्धार केला. बादलीवाल्यांना मात्र संशय होता तो भांडी घासणाऱ्या मावशींवर: त्या उष्टे परस्पर दुसऱ्या कोणाला तरी देत असणार. मावशी म्हणत होत्या की ताटे पुसूनच परत येतात. पण असे कोण कबूल करते?

त्यांनी मग डाव रचला. इस्त्रीचा सदरा घालून गिऱ्हाईक म्हणून बसायचे, अर्धे ताट टाकायचे, आणि ते अर्धे आपल्या बादलीत पोहोचते का, हे पाहायचे. कोपऱ्यातले, स्वयंपाकघराचे दार दिसेल असे टेबल त्यांनी धरले. ताट आले. दाराकडे लक्ष ठेवून त्यांनी पहिला घास घेतला. नंतर त्यांचे दाराकडे लक्ष राहिले नाही.

ताट उचलायला मावशीच आल्या. त्यांनी आधी ताटाकडे पाहिले, मग बादलीवाल्यांकडे.

"यातलं डुकरांना काय देऊ, भाऊ?"

बादलीवाल्यांनी मान खाली घातली. ताटात त्यांना स्वतःचा चेहरा अगदी लख्ख दिसत होता.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "रस्सा अजून थोडा मिळेल का?"