टाकीला सीटबेल्ट

आमच्या दादाने दगडधोंड्यांतून चालणारी चारचाकी घेतली ती केवळ आईसाठी, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. पुढची हकिगत वाचून एखाद्याचा उगाच गैरसमज व्हायचा.

आईची थोरली बहीण, म्हणजे आमची मावशी, डोंगराच्या उतारावर राहते. तिच्याकडे जाणारा रस्ता अर्ध्यावर गेल्यावर आपण रस्ता आहोत हे विसरतो आणि शेवटी एका ओढ्यात उतरतो. मावशीला ऐकू येत नाही. फोनवर ती "कोण?" विचारते, आई "अगं मी!" म्हणून ओरडते, ते आजूबाजूच्या सगळ्या घरांना कळते, मावशीला कळत नाही. तेव्हा प्रत्यक्ष भेटण्यावाचून इलाज नव्हता. आणि दोघींची वये अशी, की त्यांच्यासमोर 'पुढच्या वर्षी बघू' असे कोणी म्हणू नये.

गाडी दारात उभी राहिली त्या दिवशीच नातेवाइकांनी दादाला श्रावणबाळ ठरवून टाकले. आई मागच्या सीटवर ऐसपैस बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत मावशीसाठी विणलेला स्वेटर. ओढ्यापर्यंत सगळे सुरळीत झाले. मधल्या दगडावर मात्र गाडीच्या पोटाखालची इंधनाची टाकी खर्रकन घासली. दादाच्या पोटात खड्डा पडला. टाकीला पडलेला खड्डा त्या मानाने लहान होता, वाटीएवढा.

आम्ही उतरून त्या खड्ड्याची पाहणी करत होतो, तेवढ्यात मागून एक दूधवाला सायकलवरून आला. "जरा बाजूला घेता का?" म्हणाला आणि हँडलला कॅन लटकवून ओढा पार करून गेला. पलीकडे मावशी दारात उभी राहून, डोळ्यांवर हात धरून आमच्याकडेच बघत होती.

"अरे, ती बघ, दिसतेय," आई म्हणाली. "मी उतरते इथेच. चालत जाईन."

"आई, प्रश्न तुझ्या चालण्याचा नाहीये," दादा गंभीरपणे म्हणाला. "प्रश्न टाकीचा आहे."

गाडी मागे वळली. आईने काचेतून हात हलवला. मावशीनेही हलवला, तिला वाटले, आम्ही येतोय.

दादा 'दुर्गममार्ग मित्रमंडळा'चा सभासद होता. या मंडळातली सर्व वाहने दुर्गम भागासाठी बनवलेली आहेत आणि एरवी ती दवाखाना, बँक व शाळेच्या फाटकासमोर उभी असतात. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांनी गाडीखाली आडवे होऊन आपला छोटा आरसा टाकीला लावला.

"वरवर भरून उपयोग नाही," ते म्हणाले. "मुळापासून काढून वर बसवावी लागेल."

मेकॅनिकचा या विचारसरणीला कधीच विरोध नसतो. "उचलू की!"

"किती उचलता येईल?" दादाने विचारले.

"तुम्ही पुरे म्हणेपर्यंत."

प्रथम टाकी चार बोटे उचलली. त्यासाठी गाडीचा तळ उचलावा लागला, तळासाठी मागची सीट उचलावी लागली, आणि आईचे डोके छताला टेकले. डॉक्टरांनी अभिप्राय दिला, की मातोश्रींनी मान किंचित खाली घातली तर प्रवास सुखाचा होईल.

"घालते," आई म्हणाली. "सासरी मला तेवढंच शिकवलं होतं."

पण चार बोटे हा नवशिक्यांचा आकडा असल्याचे मंडळात कळले. एका करसल्लागाराने तर टाकी थेट गाडीच्या आत घेतली होती. आता गाडी आईसाठी घ्यायची आणि टाकी करसल्लागारापेक्षा खाली ठेवायची, हे काही दादाला पटेना. मागची सीट निघाली आणि तिथे नवी टाकी बसली. वजन वर गेल्यामुळे गाडी वळणावर डुलू लागली. डुलू नये म्हणून रुंद चाके लावली. रुंद चाके घासू नयेत म्हणून सगळी गाडीच उंच केली. दारात चढायची पायरी आईच्या छातीशी आली. तिच्यासाठी एक स्टूल आणले. त्या स्टुलावर चढायला दुसरे छोटे स्टूल आणले.

उरली पुढची एक सीट. ती वाटाड्यासाठी राखीव होती. वाटाड्या म्हणजे प्रत्येक दगडापाशी उतरून 'डावीकडे, आणखी डावीकडे' असे हात करणारा इसम. ही जबाबदारी डॉक्टरांनी निःस्वार्थपणे स्वीकारली होती.

"मग मी कुठे बसू?" आईने विचारले.

"मुद्दा रास्त आहे," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या टप्प्यात तो नक्की विचारात घेऊ."

दरम्यान गाडीत बदल केल्यामुळे ती वाहन तपासणी कार्यालयात नेणे भाग पडले. साहेबांनी आधी कागद पाहिला, मग गाडी पाहिली, आणि अधिक विश्वास कागदावर ठेवला.

"टाकी कुठे आहे?"

"मागच्या सीटच्या जागी."

"कागदावर ती खाली आहे."

"खाली दगड लागतात, साहेब."

"कागदावर दगड नाहीत."

साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनीच मार्ग काढला. मूळ टाकी मूळ जागी, जमिनीपासून मूळ उंचीवर परत लावायची. रिकामी असली तरी चालेल, कारण ती भरलेलीच असावी असे कुठे म्हटलेले नाही.

"आणि ही वरची?"

"सीटच्या जागी जे असतं त्याला आम्ही प्रवासी धरतो," साहेब म्हणाले. "फक्त सीटबेल्ट लावा. बेल्टशिवाय प्रवासी दिसला तर मला दंड करावा लागेल."

अशा रीतीने वाटीएवढा खड्डा पडलेली जुनी टाकी पुन्हा गाडीच्या पोटाखाली, त्याच दगडाच्या उंचीवर जाऊन बसली. नवी टाकी वर, काळ्या पट्ट्याने आवळलेली. मुळात कोणती टाकी कशापासून वाचवायची होती, हे आता कोणालाच नीट आठवत नव्हते. पण कागद आणि गाडी यांच्यात पूर्ण एकमत झाले होते.

आईने काचेतून आत पाहिले. "हिला तरी नीट बसवलंत," एवढेच म्हणाली आणि आत जाऊन विणायला बसली. स्वेटर केव्हाच झाला होता. त्यानंतर कानटोपी झाली, मोजे झाले, हातमोजे झाले. मावशी डोक्यापासून पायापर्यंत झाकली गेली, तरी भेटीला जायचा रविवार काही ठरत नव्हता.

अखेर ठरला. मंडळाने मोहिमेला 'एक चढाई आईसाठी' असे नाव दिले. गाड्यांची रांग लागली, फलक फडकले. आईला नेणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नव्हते, पण तिची उणीव भासू नये म्हणून तिचा एक मोठा, हसरा फोटो बॉनेटवर बांधण्यात आला. तो उघडाबोडका दिसू नये म्हणून वहिनीने त्याला फुले लावली. चित्रण करण्याचे काम माझ्याकडे होते.

ओढ्यातल्या दगडावर खालची रिकामी टाकी दाणकन आपटली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. गाडी मावशीच्या दारात पोहोचली.

मावशी लगबगीने बाहेर आली. पुढच्या काचेतून तिने पाहिले, तिथे डॉक्टर होते. मागच्या काचेतून पाहिले, तिथे पट्टा बांधलेली टाकी होती.

"ही कुठाय?" तिने विचारले.

"घरी आहे!" दादा ओरडला. "टाकीमुळे आणता आली नाही!"

मावशीला अर्थातच काही ऐकू आले नाही. ती गाडीला वळसा घालून पुढे आली आणि तिला बॉनेटवरचा फोटो दिसला. फोटोभोवतीची फुले दिसली. नेमके तेव्हाच, नंतर संगीत घालता यावे म्हणून, डॉक्टरांनी सर्वांना टोप्या काढून एक मिनिट शांत उभे राहायला सांगितले होते.

मावशी मटकन पायरीवर बसली आणि तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडू लागली.

"किती भारावल्यात बघा!" डॉक्टर कुजबुजले. "जवळून घ्या, जवळून!"

मी जवळून घेतले. 'मावशीच्या डोळ्यांत आनंदाश्रू' हा मथळाही मीच दिला.

संध्याकाळी घरी सगळ्यांनी मिळून तो व्हिडिओ पाहिला. आईने एकदा पाहिला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मेल्यांनो, मी गेले असं वाटलंय तिला!"

"आई, उद्याच गेलो असतो," दादा म्हणाला, "पण बेल्टचा हुक जरा सैल झालाय. टाकी हलते."

सकाळी आम्ही उठलो तेव्हा आईच्या चपला जागेवर नव्हत्या. पहिल्या बसने ती रस्ता संपतो तिथपर्यंत गेली, पुढे पदर खोचून चालत. ओढ्यात दूधवाल्याने तिचा हात धरला आणि विणकामाची पिशवी कॅनवर अडकवून घेतली. मावशीने दार उघडले, आधी एक किंकाळी फोडली, मग आईच्या दंडाला चांगला चिमटा काढून पाहिला आणि मग तिला जी मिठी मारली ती दूध उतू जाईपर्यंत सोडली नाही. या भेटीचे चित्रण उपलब्ध नाही. त्यामुळे ती झाली, असे मंडळ मानत नाही.

आमचा व्हिडिओ मात्र झाला, मोबाइलवर सगळीकडे फिरला, आणि तो तुम्हीही पाहिला आहे. नाही म्हणू नका. तुम्ही खाली लिहिलेलं आम्ही वाचलंय. 'असा मुलगा घरोघरी जन्माला यावा,' असं लिहून तुम्ही पुढे हात जोडले होते. ते लिहीत असताना आतल्या खोलीतून कोणीतरी तुम्हाला विचारलं होतं, "अरे, या रविवारी तरी नेशील का रे मला?" आणि तुम्ही मान वर न करता म्हणाला होतात, "आई, दोन मिनिटं थांब गं. डोळ्यांत पाणी आलंय."