दीनानाथांना हशा हवा होता

सकाळी साडेसातला दीनानाथांच्या धायरीतल्या हॉलमध्ये अकरा माणसं टीव्हीसमोर बसली होती आणि एकही हसत नव्हतं.

दीनानाथ विनोदी दिग्दर्शक. त्यांचे दोन्ही सिनेमे दुसऱ्या आठवड्यातच थिएटरातून उतरले होते. आता घरोघरी केबल आली आणि एका नव्या वाहिनीने त्यांची मालिका घ्यायची तयारी दाखवली. अटी दोनच, विनोदांमागे हशा ऐकू यायला हवा, आणि कॅसेट आज संध्याकाळपर्यंत मुंबईत. ही संधी गेली की पुन्हा कोणी विचारणार नव्हतं. अंधारं, भरलेलं थिएटर आपल्यासाठी हसतंय, हे स्वप्न दीनानाथ विशीपासून उघड्या डोळ्यांनी पाहत होते. त्याच तंद्रीत काल बागेत फिरताना त्यांना हास्यक्लब दिसला. त्यांनी अख्ख्या क्लबला चहाला बोलावलं.

टीव्हीवर मालिकेची कॅसेट लागली होती, हशा टिपायला माइक सुरू होता. विनोद येत होते, जात होते. क्लबचे प्रमुख बापूराव हाताची घडी घालून बघत होते. मग पडद्यावर नायकाचे वडील वारले, आणि बापूरावांनी टाळी वाजवली. अकराही जण हात वर करून "हो हो, हा हा" करू लागले.

"अहो, इथे माणूस गेलाय!"

"पावणेआठ वाजले. आमची हसायची वेळ, पाच मिनिटं."

"मग मघाशी विनोदाला का नाही हसलात?"

"आम्ही तब्येतीसाठी हसतो. विनोदाला हसायचं तर आधी तो असावा लागतो."

दीनानाथ रडकुंडीला आले. "निदान नायक घसरतो तिथे तरी हसा हो! हा बघा, असा..." म्हणत त्यांनी पाय सरकवला. माइकची वायर लेंग्यात अडकली आणि ते स्टँडला मिठी मारून धाडकन खाली बसले.

"आता?" त्यांनी बसल्या बसल्या आशेने विचारलं.

चहा घेऊन आलेल्या वासंतीबाईंनी ट्रे कसाबसा फ्रीजवर ठेवला आणि त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. लग्नाला बावीस वर्षं झाली, नवऱ्याच्या एकाही विनोदाला ही बाई हसली नव्हती. त्यांना पाहून क्लबही हसू लागला. वेळ संपली असूनही बापूराव हसले. माइक चालूच होता.

दुपारी दीनानाथांनी तोच हशा प्रत्येक विनोदामागे जोडला. मालिका मंजूर झाली.

दीड महिन्याने पहिला भाग लागला. वासंतीबाई मेथी निवडत बसल्या होत्या. टीव्हीतून हशा उसळला, त्यात त्यांचाच आवाज सगळ्यांच्या वर. त्यांनी मान वर केली.

"कोण हो ही बाई? एवढं हसण्यासारखं काय आहे यात?"

दीनानाथांनी डोळे मिटून घेतले आणि ते ऐकत राहिले.