परबभाऊजींचा धूमकेतू

"वहिनी, तुमच्या घरात धूमकेतू आहे."

आम्ही चारकोपला राहायला आलो त्याच महिन्यात शेजारच्या परबभाऊजींनी दारात उभं राहून मला हे सांगितलं. नाक वर करून म्हणाले, "हायड्रोजन सल्फाइड! फ्रिजच्या मागे बघा." बघितलं तर खरंच एक फुटकं अंडं निघालं, सामान लावताना गडगडलेलं. मी खजील, आणि हा माणूस खूश! "धूमकेतूला अगदी अस्साच वास. त्यात आरेच्या तबेल्यातला अमोनिया घाला, थोडे कडू बदाम घाला, की झाला तयार."

आता धूमकेतूचा वास घ्यायला कोण गेलं होतं, हे मीही विचारलं. भाऊजी एका संशोधन संस्थेत आहेत. धूमकेतूजवळ गेलेलं यान त्याचा उजेड फोडून रंग वेगळे करतं, प्रत्येक वायू त्या रंगांत आपापली खूण सोडतो, आणि त्या खुणा ओळखायच्या हे ह्यांचं काम. वायू कळला की वास कळलाच! कोट्यवधी किलोमीटरवरून नाक लावून बसलेला माणूस हा. बिल्डिंगमध्ये तर नुसता उच्छाद. लिफ्टमध्ये कोणी सेंट मारून शिरलं की त्यात काय काय आहे ते सांगूनच उतरणार. आमचे सेक्रेटरी हल्ली जिन्याने जातात.

पण माणूस खरा, टोचेल इतका खरा. एकदा यानाने पाठवलेल्या माहितीत त्यांना एका नव्याच संयुगाची खूण दिसली. ऑफिसात पेढे वाटून झाले. हे मात्र पुन्हा पुन्हा तपासत बसले आणि शेवटी स्वतःच जाऊन सांगून आले, की ती खूण धूमकेतूची नाही, यंत्राच्या आरशावर साचलेल्या थराची आहे. हातची बढती गेली. "गप्प बसला असतात तर कोणाला कळणार होतं?" मी म्हटलं. तर मी त्यांच्या खिशात हात घातल्यासारखे बघायला लागले. "नाय ते आहे कसं म्हणायचं, वहिनी?"

मग एका तापात त्यांच्या बायकोचा, सुमनवहिनींचा, वास गेला. चवही गेली. ह्या बाईने तिरफळं घालून बांगड्याचं सार केलं की मी निर्लज्जासारखी वाटी घेऊन जायचे. त्यांनी स्वयंपाकच सोडला. "वासच येणा नाय, मगे हात चलतलो कसो?" म्हणायच्या आणि ओट्याकडे पाठ करून बसायच्या. घरी डबा सुरू झाला. भाऊजी रोज सकाळी त्यांच्या नाकाखाली लवंग, लिंबू, तिरफळ धरायचे. "काय येतं?" "काय नाय." पुन्हा धरायचे. मला बघवायचं नाही.

गेल्या रविवारी भाऊजी धावत आले. "जेवायला या! वास अजून नाय, तरी हिने सार केलंय!"

दारातच कळलं, वाट लागलेली. सार तळाला पार करपलं होतं. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुमनवहिनी डाव हातात धरून नवऱ्याकडे बघत उभ्या होत्या. "कसा झाला?"

मेलं, आता हे खरं बोलणार!

"झकास!" भाऊजी म्हणाले. "अगदी पहिल्यासारखं. वाढ अजून."

तीनदा भात घेतला त्यांनी. वहिनी अशा काही फुलल्या म्हणता! "मगे बुधवारी सुंगटा हाडूया," म्हणत कोळंबीचा बेतही ठरवला आणि स्वतःचं ताट घेऊन बसल्या.

मी वाटी ठेवायला आत गेले. भाऊजी नळ सोडून टोपाचं काळं बूड खसाखसा घासत होते.

"तिला दिसायच्या आत हे काळं निघायला हवं," हळूच म्हणाले. "करपलेलं कळलं तर परत ओट्याशी उभी नाय राहायची ती."

बाहेरून हाक आली, "अहो, ठेवा तो टोप, मी घासतंय!"

"असू दे गो," भाऊजी मोठ्यांदा म्हणाले, "एवढं चांगलं जेवल्यावर एक भांडं तरी घासू दे मला."