काशिनाथअप्पांचा गुलाबी बदाम

उदगीरच्या काशिनाथअप्पांच्या छापखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदावर गुलाबी बदाम असायचाच. लग्नपत्रिकेवर ठीक, पण खतदुकानाच्या पिशवीवर, तालमीच्या पावतीवर आणि एकदा दातांच्या डॉक्टरांच्या कार्डावरही त्यांनी तो छापला होता. कुणी हरकत घेतली की म्हणायचे, "बदाम न्हाई ओ, दिल हाय. त्याच्याबिगर कागद कोरडा दिसतो."

लातूर जिल्हा नवा झाला त्या वर्षी त्यांच्या धंद्याला ऊतच आला. जो तो कागदावरचा जुना जिल्हा बदलून घेत होता. अशात एका बड्या साहेबांच्या सत्काराची पत्रिका अप्पांकडे आली. साहेबांच्या नावापुढं-मागं विशेषणांची रांग होती आणि त्या सगळ्यांखाली, फिकट पण निःसंशय, बदाम. कचेरीतला कारकून पत्रिका नाचवतच आला.

"अप्पा, सत्कार हाय का साखरपुडा?"

"जिल्हा नवा, साहेब नवे. जरा मोहब्बत दिसू द्या की!"

सत्कार झाला. पाऊस मात्र झाला नाही.

उन्हाळ्यात टँकर दोन दिवसांआड येऊ लागला. स्क्रीन प्रिंटिंगसाठी नव्या चित्राची जाळी केली, की ती भरपूर पाण्यानं धुवावी लागते. म्हणून अप्पांनी नव्या जाळ्या बंदच केल्या. जुन्यांवर भागवायचं, शाई रॉकेलनं पुसायची. शेजारी म्हणून मला या संयमाचं कौतुक वाटायचं.

एका दुपारी भिंतीपलीकडून त्यांच्या बायकोचा, शांतावहिनींचा आवाज आला.

"दोन घागरी! तीन तास उन्हात उभी व्हते मी!"

"जाळी धुतली," अप्पा म्हणाले.

"कुणाची?"

"हाय एक गिऱ्हाईक."

"मग त्या गिऱ्हाइकाच्याच हातचं जेवा!"

वहिनी पिशवी भरून निलंग्याला भावाकडे निघून गेल्या.

आठवडाभर अप्पांचं दुकान उघडलं नाही, तेव्हा मी घरात डोकावलो. दोरीवर एक मोठा कागद टांगलेला होता. एकच चेहरा चार वेळा: हिरवा, जांभळा, पिवळा, नारिंगी. लग्नातल्या फोटोतल्या शांतावहिनी.

"लग्नाला पंचवीस वर्षं व्हायलीत, गुरुजी. वाळल्यावर द्यायचं व्हतं."

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"असलं तोंडानं कसं बोलावं?" उभ्या तालुक्याच्या कागदांवर दिल छापणारा माणूस मान खाली घालून म्हणाला.

शेवटी तो कागद घेऊन मीच एस.टी.नं निलंगा गाठलं. वहिनींनी तो बराच वेळ पाहिला.

"हिरवी केली मला," त्या म्हणाल्या. मग हळूच, "ह्याच्यापायी गेलं व्हय पाणी?"

मी होकारार्थी मान हलवली. कागदाची घडी घालायला गेलो, तर त्यांनी हात धरला. "घडी नको, गुरुजी. शाई तडकंल. गुंडाळी करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उदगीरला उतरलो. घराला कुलूप. कोपऱ्यावर टँकर आलेला होता आणि चाळीसेक बायकांच्या रांगेत, धोतर खोचून, दोन्ही हातांत घागरी घेऊन अप्पा उभे होते. वहिनी गेल्यापासून त्यांनी एकही टँकर चुकवला नव्हता, हे मला नंतर कळलं.

"अप्पा, बायांच्या रांगेत काय करायलाव?" एकीनं टोमणा मारला.

"नंबर तिचा हाय," अप्पा म्हणाले. "ती येईस्तोवर धरून ठेवलाय."