पंजाबरावांची पसंती

आमच्या तालुक्यात कोण कोणाचा कोण लागतो, हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही, असं मी गेल्या महिन्यापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. आता कोणी विचारलं तर मी विषय बदलतो.

मी गजेंद्र, खामगावचा, एमएस्सी कॉम्प्युटर. प्रकल्प घेतला नात्यांच्या जाळ्याचा. माणूस म्हणजे ठिपका, नातं म्हणजे रेघ. ज्याला रेघा जास्त, तो वजनदार. त्यावर सिमँटिक वेबची फोडणी. म्हणजे यंत्राला नुसती नावं द्यायची नाहीत, नात्याचे अर्थही शिकवायचे. बापाचा भाऊ तो काका, एवढं सांगितलं की बाकीचं गणगोत ते आपलं आपण जुळवतं. माहिती कुठून आणली? लग्नपत्रिकांमधून! आमच्याकडे एका पत्रिकेत चुलत-मावस धरून साठ-सत्तर नावं सहज असतात. गावोगाव फिरून पोतंभर पत्रिका जमवल्या, तेव्हा आईला वाटलं पोरगं रद्दीच्या धंद्यात शिरलं.

पण प्रकल्प हे निमित्त. खरं कारण काजल. आमचं दोघांचं ठरलं होतं, पण पिंपळगाव राजाचे तिचे वडील भागवतराव खामगावचं नाव काढलं की उठून जात. त्यात रविवारी जालन्याचे पाहुणे तिला बघायला येणार होते. म्हटलं, भागवतराव ज्याचं ऐकतात असा माणूस शोधायचा आणि काजललाही न सांगता एकदम बार उडवायचा.

यंत्राने एकच नाव दिलं. पंजाबराव, भागवतरावांचे सख्खे काका. एकशे बारा रेघा! गावातल्या जवळजवळ प्रत्येक पत्रिकेत हजर, अगदी मागच्या महिन्यातल्याही. दरवर्षी रेघा वाढतच होत्या. दोन घरं कुठं जुळली की मध्ये हेच उभे. भरदुपारी त्या ठिपक्याकडे बघताना मला उगाच वाटलं, तोही माझ्याकडे बघतोय. पंखा चालू असून घाम आला.

दुसऱ्याच दिवशी पिंपळगावला गेलो. पंजाबरावांचं घर विचारलं तर पानटपरीवाल्याने बोलता बोलता थांबून नुसतं बोट दाखवलं. दार त्यांच्या पत्नीने, विमलबाईंनी उघडलं. विचारलं, पंजाबराव आहेत का?

"हायेत ना. जातीन कुठं?"

त्यांनी पाण्याचे दोन पेले आणले. एक माझ्यापुढे ठेवला, एक रिकाम्या खाटेपुढे. म्हातारबाबा आतल्या खोलीत असतील, येतीलच, असं धरून मी सगळी कहाणी सांगितली. विमलबाई खाटेकडे वळल्या. "आयकलं का?"

खाट करकरली. खोलीत वाऱ्याचा मागमूस नव्हता.

"हो म्हनतात," विमलबाई म्हणाल्या.

मी तडक भागवतरावांच्या घरी. सांगून टाकलं की पंजाबरावांशी आत्ताच बोलून आलोय, त्यांची पसंती आहे. सुपारी कातरणारा त्यांचा हात थांबला. ते मला देवघरापाशी घेऊन गेले. तिथे चंदनाचा हार घातलेला फोटो होता.

"काकाले जाऊन नऊ वर्ष झाले."

मग लख्ख आठवलं. यंत्राचा घोळ होऊ नये म्हणून मी नावांपुढचे श्री., सौ., चि., ह.भ.प. सगळे झाडून काढले होते. त्या झाडूत 'कै.'सुद्धा गेलं. नातवंडांच्या पत्रिकेत गेलेल्या आजोबांचं नाव मानाने छापतात, हे लहानपणापासून बघत आलो होतो. यंत्राला काका शिकवला, मावशी शिकवली, मरण शिकवायचं राहिलं.

तरी चाचरत बोललो, विमलकाकू तर म्हणाल्या, ते हो म्हणाले. भागवतरावांनी फोटोला हात जोडले.

"आपली पोरगी खामगावात द्याची नाही, हे बी काकाच सांगून गेले. आता मन बदललं असन, तर त्यायलेच पाठवा. मी वाट पाह्यतो."

म्हणजे यंत्राने माणूस बरोबर शोधला होता.

जालन्याच्या पाहुण्यांना भागवतरावांनी थांबवून ठेवलंय. काजल सांगते, ते रोज अंगणात एक खुर्ची मोकळी ठेवतात. मी दर रविवारी विमलबाईंकडे जातो, पाणी पितो आणि खाटेला विनवतो की बाबा, एकदा जाऊन या. परवा ती पुन्हा करकरली. मी जीव मुठीत धरून विमलबाईंकडे पाहिलं.

"काय म्हणतात?"

"पत्रिका जुळते का, पाह्यतो म्हनतात."