नथूकाकांची मान

नथूकाकांची दाढी करताना न्हाव्याला डुलकी लागली असती, तरी काकांच्या गालावर ओरखडा उठला नसता, इतकी त्यांची मान स्थिर. मागून कुणी हाक मारली तर ते मान वळवत नसत, पायांसकट सगळेच वळत. ही गंमत बघायला शाळेतली पोरं त्यांना दिवसातून चारदा हाका मारत.

हे खूळ गोल्फचं. फटका मारताना डोकं हलवायचं नाही, हा त्या खेळाचा नियम. मुंबईत काकांनी बारा वर्षं एका गोऱ्या साहेबाच्या गोल्फच्या काठ्यांची पिशवी वाहिली. सत्तेचाळीस साली साहेब विलायतेला निघाला आणि जाताना एक काठी व डझनभर चेंडू काकांना देऊन गेला. काका आपल्या गावी थळला परतले, मासेमारीच्या होडीवर जाऊ लागले. पण सकाळी ओहोटी लागली की काठी घेऊन किनाऱ्यावर हजर!

मी शाळेत नवा मास्तर. दुसरं कुणी फसत नव्हतं म्हणून काकांनी मला शिष्य केलं. उन्हाकडे पाठ करून मला उभं करायचं आणि माझ्या डोक्याच्या सावलीत एक शिंपला ठेवायचा.

"कंबर फिरू द्या, खांदं फिरू द्या. शिंपला उन्हात आला का मेलात!"

मी जीव खाऊन काठी फिरवायचो. शिंपला उन्हात, वाळू माझ्या तोंडात आणि चेंडू जागच्या जागी.

"मास्तर, डोकं पोचलं अलिबागला, चेंडू ऱ्हायला थळात!"

त्यांचा स्वतःचा चेंडू मात्र सणसणत जायचा. तरी नजर वाळूवरच. मनात दहा आकडे मोजल्याशिवाय ते वर बघत नसत.

एकदा मी विचारलं, "काका, लग्न का नाही केलंत?"

"फटका लय झ्याक बसला, म्हनून."

झालं होतं असं. काका मुंबईहून परतले त्याच वर्षी येसूचा बाप किनाऱ्यावर आला. येसू काकांना लहानपणापासून आवडायची. म्हातारा म्हणाला, "आमची येसू करतोस काय?" काका नेमके फटक्यात. चेंडू गेला आणि काका खाली बघत दहा मोजू लागले. आता असल्या प्रश्नाला आपल्याकडे तोंडानं हो कोण म्हणतं? मान हलली की सुपारी फुटते. ती हलली नाही. म्हातारा तरातरा निघून गेला. काका मागे धावले, पण त्याने काही ऐकूनच घेतलं नाही. महिन्याभरात येसू काशीदला नांदायला गेली.

हे सांगताना काका पोट धरून हसले. मीही हसलो, आणि मग मला फार वाईट वाटलं.

लग्नानंतर दहाएक वर्षांनी येसूबाई विधवा होऊन भावाकडे परतल्या आणि सुकी मासळी विकू लागल्या. कोळ्यांत विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. एका सकाळी त्यांचा भाऊ माझ्याकडे आला.

"मास्तर, नथूदादाला इचारा. पन ह्या टायमालाबी न्हाय म्हनला, तर येसू परत इचारू देनार न्हाय."

मी त्याला घेऊन किनाऱ्यावर धावलो आणि गाढवासारखा लांबूनच ओरडलो, "काका, येसूबाईंशी पाट लावता का?"

काठी वर गेलेली होती. ती खाली आली, चेंडू सुटला. काकांची मान हलली नाही. भावाचा चेहरा उतरला, तो माघारी वळला. 

"व्हय," काका वाळूकडे बघत म्हणाले. मग एवढ्यानं ओरडले की जाळी सुकवणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. "व्हय! आरं, व्हय!"

भाऊ थांबला. काका अजून खालीच बघत होते. नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपटप वाळूत पडत होतं.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "येसूला सांगा, मी हसत हुतो."