तीन मीटर इकडे-तिकडे

आमच्या शेजारच्या ढोबळे साहेबांच्या फाटकावर घराचा नंबर नाही. होता, तो त्यांनी स्वतः खरवडून काढला आणि तिथे पितळी पाटीवर अक्षांश-रेखांश कोरून घेतले. अंश, मिनिटं आणि मिनिटांच्या दशांश चिन्हापुढचे तीन आकडे. "नंबर माणसं देतात, शेठ. उद्या बदलवतीन. हे बदलत नाही." परिणाम असा, की त्यांचं प्रत्येक कुरिअर, गॅसचं सिलिंडर आणि लग्नपत्रिका माझ्या दारात येते. "काका, हे एकवीस अंशवाले कुठी राहतात?" मी बोट दाखवतो. बोट दाखवायला उपग्रह लागत नाही.

ढोबळे आडनावाच्या माणसानं दशांशापुढच्या तिसऱ्या आकड्यासाठी जीव टाकावा, हा देवाचा विनोद आहे. साहेबांनी उभी नोकरी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात काटे बघण्यात घालवली. काटा जागचा हलला नाही की दिवस चांगला गेला, असं ते काम. निवृत्त झाल्यावर बघायला काटा उरला नाही. तेवढ्यात परदेशातल्या मुलीनं त्यांना जीपीएसचं हातातलं यंत्र आणून दिलं. जुन्या जाडजूड मोबाइलसारखं दिसतं. साहेब ते कमरेच्या पट्ट्याला लावतात आणि भाजी आणायला जातानाही बघतात. मोबाइलमध्येही हे सगळं असतं, असं त्यांना सांगून पाहा. "मोबाइल म्हणजे अंदाज, शेठ."

हे यंत्र आकाशातले उपग्रह पकडतं आणि आपण कुठे आहोत ते सांगतं. मला आयुष्यात ते विचारायची गरज पडली नाही. गांधीबागेच्या कापडबाजारात फुटपाथवर कटपीस विकायला बसलो होतो, तेव्हाही मला पक्कं माहीत होतं की मी फुटपाथवर आहे. आज त्याच फुटपाथसमोर माझं दुकान आहे, तेही मला यंत्राशिवाय सापडतं.

इतक्या काटेकोर माणसाचं पालुपद मात्र ऐका. यंत्र सांगेल ते खरं, आणि यंत्र तोंडावर पडलं, की "तीन मीटर इकडे-तिकडे चालते!"

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या साडूच्या मुलाचं लग्न एका लॉनवर होतं. रस्त्यात कुणाला पत्ता विचारणं साहेबांच्या व्रतात बसत नाही. बाण दाखवील तिकडे गेले, अक्षता टाकल्या, आहेर दिला, मठ्ठा दोनदा मागून घेतला आणि पान चघळताना त्यांच्या लक्षात आलं, की नवरदेव ओळखीचा नाही. साडूच्या मुलाचं लग्न पलीकडच्या लॉनवर होतं. वहिनींना माहेरी तोंड दाखवायची सोय उरली नाही. साहेब शांत. "तीन मीटर इकडे-तिकडे. भिंतच तर होती मधात."

पण लग्नं रोज नसतात. रोजचा उद्योग म्हणजे डबे. जगभरातली काही रिकामी माणसं म्हणे एक खेळ खेळतात. एकानं डबा कुठेतरी लपवायचा आणि त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे. दुसऱ्यानं यंत्र घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथे ठेवून घरी यायचं.

"मिळते काय?" मी विचारलं.

"डबा."

"तो तं परत ठेवला."

"हो."

त्यांना माझी दया आली असावी. "आतली एखादी वस्तू घेता येते, शेठ. पण घेतली, तं तेवढ्याच मोलाची नाही तं जास्त मोलाची ठेवा लागते."

"जास्त मोलाची? काहून?"

"नियम आहे."

तीस वर्षं मी भाव करत आलोय. घेताना कमी आणि देताना जास्त, एवढ्या दोन पायांवर माझा संसार उभा आहे. व्यापाराचा इतका शांतपणे केलेला अपमान माझ्या दुकानात कधी झाला नव्हता.

एकदा भर दुपारी बागेतल्या वडाच्या ढोलीत डबा ठेवताना चौकीदारानं त्यांना धरलं. डब्यात एक बाहुली, लोखंडी किल्ली, सुतळी आणि लाल पेन्सिल. "करणी करून राहिला बुढा!" चौकीदार ओरडला. मला फोन आला. पोचलो तेव्हा वीस-पंचवीस माणसं जमलेली आणि साहेब त्यांना उपग्रह समजावून सांगत होते. गर्दी तापत चालली होती. मी चौकीदाराच्या कानात सांगितलं, "डोक्यानं सटकले आहेत, सोडून द्या." लगेच सोडलं. लोकांना खरं पटकन पटतं.

"सटकलो काहून म्हणलं तुम्ही?" साहेब रस्ताभर फुरंगटून.

"मग काय म्हणू? पुढच्या वेळी पेढे ठेवा डब्यात. लोक प्रसाद समजतीन."

"खायची वस्तू चालत नाही, शेठ. मुंग्या येतात. नियम म्हणजे नियम."

इथवर मी हसत होतो. आता भिंतीचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या प्लॉटला कंपाउंडची भिंत घालायला काढली. चार थर चढले असतील. साहेब यंत्र घेऊन आले, भिंतीशी उभे राहिले, आणि मिस्त्री, मजूर, अख्खी गल्ली यांच्यासमोर म्हणाले, "शेठ, तुमची भिंत सव्वादोन मीटर माह्या आंगणात आली."

साहेबांचं अंगण मुळात दोन मीटरचं आहे. म्हणजे माझी भिंत त्यांच्या बैठकीत, सोफ्यापाशी उभी होती.

मिस्त्री थापी खाली ठेवून बसला. मी माझा आवाज काढला. तो गांधीबागेतून इतवारीपर्यंत जातो असं लोक म्हणतात. मग खिशातला स्टीलचा टेप काढला आणि नकाशा हातात धरून तीनदा मोजलं. बोटाचाही फरक नाही. सगळ्या गल्लीनं पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. आणि फाटकातून आत जाता जाता ते म्हणाले, "टेप ढिला झाला असंन तुमचा."

कापडवाल्याला! ज्यानं तीस वर्षं दुनियेला मीटरवर माप दिलं, त्याला! शिवी दिली असती तर परत देता आली असती. याला परत काय देणार? त्या दिवसापासून तो टेप मी खिशात घेऊन फिरत होतो. मला दुसरं काही नको होतं. साहेबांच्या तोंडून एवढंच हवं होतं, की भिंत बरोबर आहे आणि टेप ढिला नाही.

संधी आली ती मिनूमुळे. मिनू ही त्यांच्या मुलीची मुलगी. तीन वर्षांपूर्वी सुटीत आली होती, तेव्हा सात वर्षांची. यंत्र कसं वापरायचं ते आजोबांना तिनंच शिकवलं. परत जायच्या आदल्या दिवशी तिनं आईच्या मदतीनं फुटाळा तलावापलीकडच्या टेकाडावर एक डबा लपवला, आकडे कागदावर लिहून दिले आणि म्हणाली, "आबा, शोधून ठेव." त्यानंतर ती आलेली नाही. कधी तिची शाळा, कधी जावयाची सुटी. दर वर्षी "यंदा नक्की" ठरतं आणि दर वर्षी बारगळतं. पण दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. साहेब अंगणात खुर्ची टाकून बोलतात, म्हणून भिंतीपलीकडे मलाही सगळं ऐकू येतं.

"आबा, सापडला?"

"नाही वं बाई. शोधून राहिलो."

तीन वर्षं! दर रविवारी सकाळी हा माणूस यंत्र बांधून टेकाडावर जातो आणि हात हलवत परत येतो. वहिनी वैतागलेल्या. "भाऊजी, मागं दाढ काढली, तं तीही डॉक्टरकडून पुडीत बांधून मागून आणली. काय करून राहिले हे, माह्या तं समजण्यात नाही येत."

एका रविवारी मी गल्लीतल्या चारचौघांसमोर तोंड उघडलं. "साहेब, त्या पोरीचा डबा मी आणून दाखवतो. सापडला, तं गल्लीसमोर म्हणायचं: शेठची भिंत बरोबर, शेठचा टेप बरोबर. बोला!"

साहेबांचा चेहरा उतरला. मला फार बरं वाटलं.

"तुमच्यानं नाही व्हायचं, शेठ. अवघड जागा आहे. कुसळं आहेत."

"मग भ्यायचं काहून?"

लोक हसले. नाही म्हणायची सोय राहिली नाही. शनिवारी सकाळी त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं, चार वेळा पुसून. आकड्यांचा कागद मात्र त्यांना सापडेना. वहिनींनी तो देवघरातून काढून दिला.

बाणाच्या मागे मी टेकाड चढलो. दोनशे मीटर, ऐंशी, तीस. आकडा उतरतो तसा माणूस उगाच खूश होत जातो, हे मी कबूल करतो. पंधरा मीटरवर यंत्रानं मान टाकली. उघडून पाहिलं तर आत दोन जुनाट पेन्सिल सेल. जो माणूस यंत्राला पोटच्या पोरासारखं जपतो, त्यानं मेलेले सेल घालून मला टेकाडावर पाठवलं होतं! तोंडातल्या शिव्या तोंडातच ठेवून मी खाली पानठेल्यावर आलो, नवे सेल घेतले, पुन्हा चढलो. नऊ, सहा, तीन. तीनवर बाण गरगर फिरू लागला.

मग मी यंत्र खिशात टाकलं आणि डोळे वापरले. कोणत्या दुकानात गिऱ्हाईक जास्त जातं, ते उंबरा पाहून कळतं. कमरेएवढ्या गवतात एक पायवाट चांगली मळलेली होती, आणि ती एका पळसाच्या बुंध्याशी संपत होती. तिथे चार दगड. दगड उचलले. डबा.

झाकण उघडलं, तर वरच संत्रा बर्फी. अजून मऊ. दोनदा टेकाड चढून भूक लागली होती. एक वडी तोंडात टाकली आणि ती विरघळत असताना आठवलं: खायची वस्तू चालत नाही. नियम म्हणजे नियम.

बर्फीच्या खाली एक चिठ्ठी होती, बाळबोध, अशुद्ध अक्षरांत. "आबा, हा माझा पइला दात आहे. तू घे. पण सेम किमतीचं ठेव. मिनू." शेजारी काडेपेटीत कापूस, आणि कापसात तांदळाएवढा दुधाचा दात.

आणि त्याच्याभोवती बाकीचं. वीजकेंद्रातला साहेबांचा बिल्ला, त्यांचं शाईचं पेन, चांदीचं एक नाणं, सोनेरी काड्यांचा जुना चष्मा. आणि एका पुडीत, कापसातच, एक किडलेली, पिवळी, भलीमोठी दाढ.

मी दगडावर बसलो. हसू आलं होतं, ते अर्ध्यात राहिलं. गिऱ्हाइकांना भाव पाडताना मी आयुष्यभर पाहिलंय. समोर कुणी नसताना, स्वतःच बोली चढवत नेणारं आणि तरीही माल न उचलणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहत होतो. वही उघडली. पहिल्या पानावर मिनूचं नाव, खाली सगळं कोरं. साहेबांची सही नाही. सही केली म्हणजे डबा सापडला. डबा सापडला म्हणजे खेळ संपला. मग दर रविवारी ती पोरगी फोनवर विचारणार तरी काय? ते मेलेले सेल मला तेव्हा कळले.

सगळं होतं तसं ठेवलं. पण बर्फी माझ्या पोटात गेली होती, आणि नियम म्हणजे नियम. खिसे चाचपले. रुमाल, किल्ल्या, टेप. टेप ठेवला. दगड रचले आणि उतरलो.

साहेब फाटकातच उभे होते. वहिनी म्हणाल्या, सकाळपासून चहाही घेतला नाही.

"सापडला?"

"कुठचा सापडते! तुमचं यंत्रच बेकार. बाण नुसता गरगर फिरते."

"नाही ना सापडला?" त्यांनी पुन्हा विचारलं. पैज जिंकलेल्या माणसाचा आवाज असा नसतो. "झाडीत फिरतेच तो. तीन मीटर इकडे-तिकडे…" मग त्यांनी यंत्र उलटून मागचं झाकण उघडलं. "सेल नवे दिसून राहिले."

"जुने ढिले होते," मी म्हटलं आणि घरात गेलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी साहेब टेकाडावर गेले. संध्याकाळी फोन आला. मी माझ्या अंगणात कुंड्यांना पाणी घालत होतो, म्हणजे उभा होतो.

"आबा, सापडला?"

"नाही वं बाई. आपल्या शेठलेही नाही सापडला. तूच ये आणि दाखव आता."

पलीकडून हसणं आलं, मग परीक्षेचं काहीतरी, मग फोन बंद झाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग भिंतीच्या वर त्यांचं डोकं दिसलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

"शेठ, तुमची भिंत मोजली आज."

"यंत्रानं?"

"नाही गा." त्यांनी माझा टेप भिंतीवर ठेवला, नीट, कडेला समांतर. "यानं. बरोबर आहे. ढिला नाही."

त्या टेपच्या जागी डब्यात त्यांनी काय ठेवलं, ते मी विचारलं नाही. ठरलं होतं गल्लीसमोर, आणि गल्ली रिकामी होती. एरवी मी सगळ्यांना दारं वाजवून बोलावलं असतं.

"जाऊ द्या, साहेब," मी म्हटलं. "तीन मीटर इकडे-तिकडे चालते."